साहेबांच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज

गाडी चालू झाली की आधी वास यायचा, आवाज मागून. कच्च्या पेट्रोलचा तो गोडसर, डोकं जड करणारा वास. बंगल्यामागच्या पत्र्याच्या गॅरेजातून निघून जास्वंदीच्या कुंपणावरून तो भिसेगावातल्या आमच्या दोन खोल्यांपर्यंत पोचतो, असं मला लहानपणी वाटायचं. खरं तर तो आबांच्या खाकी कपड्यांना चिकटून घरी यायचा. आई ते कपडे दगडावर आपटून आपटून धुवायची, उन्हात उलटे वाळत घालायची, तरी वास राहायचाच. आता मुलाच्या गाडीत बसून पंपावर थांबलो की मी काच खाली करतो. तो म्हणतो, बाबा, नाकात जाईल. जाऊ दे, मी म्हणतो. त्याला काय सांगायचं.

आबा वकीलसाहेबांकडे ड्रायव्हर होते. साहेबांनी वकिली सोडली होती, गुडघे गेले होते, पण खालापूरच्या बाजूला त्यांची चिकूची वाडी होती आणि आठवड्यातून दोनदा तिथं गेल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. त्यासाठी ही गाडी. विलायती, लांबलचक, सायीच्या रंगाची. मुंबईतल्या कुठल्या तरी बड्या माणसानं वापरून सोडलेली. आत बसलं की कातड्याची सीट सुस्कारा टाकायची. स्टिअरिंगपुढची बटणांची पाटी खऱ्या लाकडाची होती, आणि आबा ती खोबरेल तेलाच्या बोटानं पुसायचे, आई माझ्या बहिणीच्या केसांना लावायची तसं. बाजारातून गाडी निघाली की माणसं बाजूला व्हायची आणि आबांची मान दोन बोटं उंच व्हायची. मी त्यांचा मुलगा आहे हे मला त्या वेळी सगळ्यांना सांगावंसं वाटे.

आमचं घर पहाटे जागं व्हायचं ते भांड्यांनी. स्टेशनात पुण्याकडं जाणारी गाडी थांबली की घाट चढायला तिला मागून इंजिन लावायचे. ते टेकताना धप्प असा आवाज यायचा, आणि मांडणीतल्या पितळ्या एकमेकींना लागून किणकिणायच्या. आई म्हणायची, उठा, इंजिन लागलं. मग चूल, तांदळाच्या भाकरीवर पाण्याचा हात फिरवल्याचा आवाज, तव्यावर सुकट. सुकटीच्या वासानं शेजारची मांजर दारात. आबा भाकरीचा पापुद्रा काढून आईच्या ताटलीत ठेवायचे, कारण तिला तो आवडे, आणि ती तो परत त्यांच्या ताटात टाकायची, कारण त्यांना दिवसभर गाडी चालवायची असे. शेवटी तो मी खायचो. माझ्या लहानपणातलं सुख म्हटलं तर एवढंच, तो पापुद्रा. बाकी मी चौथीनंतर शाळा सोडली आणि हमीदचाचांच्या गॅरेजात ट्रकखाली पाठीवर झोपायला शिकलो, त्याचं मला काही वाईट वाटत नाही. शाळेत मला झोपच यायची.

तर ती गाडी पेट्रोल प्यायची. मोठी गाडी, थोडं जास्त पिणारच, हे साहेबांना कळत होतं. पण दर वर्षी ती आधीच्या वर्षापेक्षा जास्त पिऊ लागली. जेवढ्या पेट्रोलात वाडीवर दोन फेऱ्या व्हायच्या तेवढ्यात जेमतेम एक व्हायला लागली. साहेब हिशोबी होते, वाईट नव्हते. पण वकील माणूस. गोष्ट कुठं गेली हे कळलं नाही की ती कुणी नेली, हे त्यांच्या डोक्यात आधी यायचं. त्या वर्षी दसरा झाला आणि चार दिवसांनी साहेबांनी पेट्रोलच्या टाकीला कुलपाचं झाकण बसवून घेतलं. चावी बंडीच्या खिशात घातली आणि म्हणाले, "चावी माझ्याकडं राहील, सखाराम. तुला उगीच त्रास नको."

चोर म्हणाले असते तर आबा भांडले असते. त्रास नको म्हटल्यावर भांडणार काय? त्या दिवसापासून आबांनी बंगल्यावरचा चहा सोडला. स्वयंपाकीणकाकू कप घेऊन गॅरेजापर्यंत यायच्या, आबा म्हणायचे, पोटात गॅस हाय. आठवड्यानं साहेब म्हणाले की दिवाळीनंतर खालापूरचा एक ड्रायव्हर भेटायला येणार आहे, बघू या. आबांनी ते घरी सांगितलं नाही. मला काकूंच्या मुलीनं सांगितलं. आईला कळू द्यायचं नव्हतं, कारण आईचं सगळं बळ एका गोष्टीवर उभं होतं, ते म्हणजे लोकांनी सखारामच्या प्रामाणिकपणाची दिलेली उदाहरणं. आणि दुसऱ्या कुणाच्या गाडीवर जायचं म्हटलं तरी कर्जतमध्ये पहिला प्रश्न हाच आला असता, साहेबांनी का काढलं?

मी एकोणीस वर्षांचा होतो आणि मला वाटायचं की मला सगळं येतं. आबांना म्हटलं, दिवाळीच्या आत मी हिचं अ‍ॅव्हरेज काढून दाखवतो. ते म्हणाले, "तू ट्रकच्या स्प्रिंगा बदल. ही बाई खानदानी हाय, तुला हात लावू द्यायची नाय." पण दुसऱ्या दिवशी दुपारी साहेब झोपल्यावर त्यांनीच बॉनेट उघडून धरलं.

चारही चाकांत हवा कमी होती, ती भरली. डिकीत साहेबांनी वाडीवरून आणलेली जुनी पंपाची मोटर दोन वर्षं पडून होती, ती उतरवली. हवेची जाळी झटकली तर पाव शेर धूळ निघाली. पुढचं एक चाक ब्रेकला घासत होतं, ते मोकळं केलं. आबांना उतारावर न्यूट्रल मारायची सवय, त्यात पेट्रोल वाचतं असं त्यांना कुणी तरी शिकवलेलं, त्यावरून आम्ही बापलेक भांडलो. मग बाटली लावली. आमच्याकडं अ‍ॅव्हरेज असंच काढत. टाकीची नळी सोडवायची, काचेच्या बाटलीत बरोबर एक लिटर पेट्रोल घ्यायचं, बाटली बांधून तिची नळी कार्बोरेटरला जोडायची आणि गाडी आपोआप बंद पडेपर्यंत रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड मोजत जायचं. कशेळ्याच्या रस्त्याला लागलो. पाचवा दगड समोर दिसत होता आणि गाडी खोकून मेली. आबा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले. दोन्ही बाजूंना भात पिवळं झालं होतं, वारा नव्हता, आणि लांब कुठं तरी कुणी पाखरं हाकत होतं. गाडी बंद पडल्यावर एवढी शांतता असते हे मला तेव्हा कळलं.

हमीदचाचांना बंगल्यावर आणलं. त्यांनी प्लग काढून माझ्यासमोर धरला. "बघ. काळाकुट्ट. चहाच्या रंगाचा पायजे. हिला कोन तरी जास्ती पाजतंय बेटा, आनि हिच्यानं पचत नाय." त्यांनी कार्बोरेटर खोलून, धुऊन, परत बसवला. प्लग घासून दिले. दोन दिवसांनी प्लग पुन्हा काळे. चाचांनी आत बसून सगळी बटणं बघितली, पण पाटीच्या एका कोपऱ्याला आबांनी देवीची तसबीर लावली होती, तिथं हार होता, हळदकुंकू होतं. तिथं आल्यावर त्यांनी हात मागं घेतला. "ते तुमचं देवाचं हाय," ते म्हणाले. "माझा हात तेलाचा." मीही तिथं कधी हात लावला नव्हता. लहानपणी एकदा लावला होता तर आबांनी मनगटावर टपली मारली होती.

आता इंदूचं सांगायला हवं. काकूंची ही मुलगी, मूळची जवळच्या कोंडाणे गावातली, आईबरोबर बंगल्यावर मदतीला यायची. मागच्या पायरीवर बसून तांदूळ निवडायची आणि माझ्याकडं न बघता मला बोलायची. "काय रं मेस्त्री, भागली का तहान तुज्या गाडीची? आमच्या म्हशीला बी एवढं लागत नाय." मी गाडीखाली असायचो, मला तिची फक्त पावलं दिसायची. एका पायाच्या बोटात लोखंडी वळं होतं. पुढं बेचाळीस वर्षं ती पावलं माझ्या घरात फिरली. लग्नानंतर रं गेलं आणि अवो आलं, पण बोलण्यातली धार तशीच राहिली. आता घर इतकं गप्प असतं की मी मुद्दाम ताटली जोरात ठेवतो.

साहेबांची बहीण दिवाळीला येणार होती म्हणून गाडी आतून घासायचं काम इंदूवर आलं. चिंच आणि राख घेऊन ती पाटीवरची पितळी बटणं घासत बसली. मी बाहेर टायरला टेकून बसलो होतो, सगळं करून झालं होतं, काही सुचत नव्हतं. आतून ती म्हणाली, "ही सगळी बटणं कशी पाटीला चिकटून बसलीत. ह्येच एकटं का तोंड वर करून हाय रं?"

मी उठून बघितलं. हाराखालचं बटण. चोकचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. थंडीत गाडी चालू व्हावी म्हणून तिला घडीभर जास्त पेट्रोल पाजायचं, त्यासाठी हे बटण ओढायचं. गाडी गरम झाली की ते पूर्ण आत ढकलायचं. आत गेलं नाही तर गाडी पीतच राहते. आबा रोज ते आत ढकलायचे आणि ते टेकायचंही. पण ते पाटीला टेकत नव्हतं. त्याच्या दांडीला देवीचा लाल दोरा गुंडाळलेला होता. एकावर एक, आजूबाजूला पसरत, तेलानं, कुंकवानं, धुळीनं घट्ट होऊन त्याचं लाकडासारखं कडं झालं होतं. बटण त्या कड्याला टेकत होतं.

दोरा आईचा होता. फार वर्षांपूर्वी घाटात या गाडीचा ब्रेक गेला होता, आबांनी गाडी कड्याला घासत उभी केली आणि घरी आले ते पांढरेफटक. दुसऱ्या दिवशी आई देवळात जाऊन दोरा घेऊन आली आणि चालत बंगल्यावर गेली. गाडीला दोरा बांधायला जागा शोधली. ते बटण ओढल्यावर खुंटीसारखं बाहेर आलं. तिला वाटलं, बनवणाऱ्यानं देवासाठीच खुंटी ठेवलीय. मग दर दसऱ्याला गाडीच्या पूजेला ती यायची आणि नवा दोरा बांधायची. जुना काढायचा नाही. देवीचा दोरा तोडत नसतात, गळून पडला तर पडला. म्हणून दर दसऱ्याला ते बटण सुताभर बाहेर राहत गेलं, आणि गाडी पीत गेली.

आबांच्या डोक्यात हे कसं आलं नाही, असं इंदूनं मला पुढं कितीदा विचारलं. मला वाटतं, आपल्या बायकोनं आपला जीव राहावा म्हणून बांधलेल्या दोऱ्यावर कुणी संशय घेत नाही. मालकावर घेईल, मिस्त्रीवर घेईल.

मी आबांना बोलावलं. त्यांनी वाकून बघितलं, बटणावर अंगठा ठेवून दाबलं, आणि गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले. मी चाकू आणायला निघालो तर म्हणाले, "कापायचा नाय."

"कापतंय कोन," इंदू म्हणाली. "सोडवते की."

तिनं खोबरेल तेल लावून दोरा भिजवला आणि केसातला आकडा काढून गाठी उकलायला बसली. आयुष्यात एक दुपार परत मिळणार असेल तर मी ती मागेन. पत्र्याच्या भोकांतून ऊन आत येत होतं, त्याच्या नाण्याएवढ्या चकत्या तिच्या पाठीवर हळूहळू सरकत होत्या. कुठं तरी कवडा घुमत होता. एकेक दोरा सुटून आबांच्या हातात येत होता, वरचा लालभडक, आतला विटकरी, त्याच्या आतला मातीच्या रंगाचा. आबा तो बोटांत धरून बघायचे. एकदा म्हणाले, "हा तुजी बहीन झाली त्या साली." एकदा, "ह्या साली तुजी आय तापानं फणफणली होती, तरी आली." आणखी आत गेल्यावर दोरे बिनरंगाचे झाले, आणि सगळ्यात आतला नुसता धुरासारखा होता, हातात घेतला की आहे का नाही कळू नये असा. मला तेव्हा असं वाटलं की आम्ही तिघं एखाद्या विहिरीत उतरतोय आणि तळाला आई उभी आहे, तरुण, केसात फूल घालून. बटण खट्ट करून आत गेलं तेव्हा मी दचकलो. इंदूनं सगळे दोरे तसेच ओळीनं स्टिअरिंगच्या खालच्या दांड्याला गुंडाळले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी कशेळ्याहून तांदूळ आणायला गाडी दिली. आबा गाडी घेऊन आधी घरी आले. आजवर त्यांनी आईला त्या गाडीतून कधी नेलं नव्हतं. साहेबांची परवानगी काढली, एवढंच सांगितलं, आणि आईला म्हणाले, "चल गं, तुज्या भावाला भेटून येऊ." आई नवं लुगडं नेसून आली, पायातल्या वहाणा हातात घेऊन आत चढली. चढता चढता तिचं लक्ष हाराकडं गेलं.

"अवो, दोरा कुठं गेला?"

आबांनी आरसा पुसायला घेतला. मी तर मेलोच होतो. इंदू तांदळाची पोती धरायला म्हणून आली होती, ती मागून म्हणाली, "मावशी, घासताना सरकला, खाली दांड्याला गेला. बघा की, आता त्यांच्या हाताखालीच आलाय."

आईनं वाकून बघितलं. हात लावून कपाळाला लावला. "देवीच्या मनात आसंल तसं," ती म्हणाली, आणि सीटवर मागं टेकली. सीटनं सुस्कारा टाकला, तशी ती हसली.

निघताना मी पुन्हा एक लिटरची बाटली लावली होती, तिच्याकडं बघत पुढं बसलो होतो. तिसरा दगड गेला. चौथा गेला. पाचव्याच्या आधीच आबांनी श्वास धरला असणार, कारण त्यांचा आवाजच येईना. पाचवा गेला. इंजिन कसं चाललं होतं म्हणून सांगू, नुसतं पुटपुटल्यासारखं, आणि तो वास नव्हता. खिडकीतून कापलेल्या भाताचा वास येत होता. सहावा. सातवा. मागं आई इंदूला सांगत होती की माझ्या माहेरी ह्याच रस्त्यानं चालत जायचे, इथं एक करवंदाची जाळी होती, इथं मला विंचू चावला होता. रस्ता तिच्यासाठी उलटा उलगडत होता आणि आमच्यासाठी पुढं. डोंगर निळे होऊन मागं मागं सरकत होते. ही गाडी आता कधीच थांबणार नाही, असं मला खरंच वाटलं. नवव्या दगडाच्या पुढं, चिंचेच्या सावलीत ती आपण होऊन थांबली. आई म्हणाली, "आलं का गाव?" आबा म्हणाले, "नाय. घडीभर थांबलोय." आणि त्यांनी धोतराच्या सोग्यासारखी खाकी बाही डोळ्यांवरून फिरवली.

संध्याकाळी आबा व्हरांड्यात साहेबांसमोर उभे राहिले. मी पायरीखाली. मला वाटलं आता सगळं सांगतील, दोरा, दसरे, सगळं. साहेबांना तोंडात मारल्यासारखं व्हावं अशी माझी फार इच्छा होती. आबा म्हणाले, "साहेब, पेट्रोल सापडलं. चोकचं बटण पुरं आत जात नव्हतं. माजंच ध्यान नव्हतं."

"कधीपासून?"

"बरीच वरीसं झाली आसतील."

साहेबांनी चष्मा काढला आणि हसायला लागले. मनापासून हसले, पोट धरून. "अरे सखाराम, इतकी वर्षं तू चोक ओढून गाडी चालवलीस? आणि मी तुझ्यावर..." ते तिथंच थांबले, बंडीच्या खिशातून झाकणाची चावी काढून आबांच्या हातात दिली. आतून काकूंना चहा आणायला सांगितलं. आबांनी तो चहा उभ्यानं प्यायला. खालापूरचा ड्रायव्हर आलाच नाही. पण साहेबांनी ही गोष्ट बहिणीला सांगितली, मग डॉक्टरांना, मग पंपावर. दिवाळी संपायच्या आत आबांचं नाव चोकवाला पडलं. बाजारातून गाडी निघाली की टांगेवाले ओरडायचे, चोकवाले, बटण आत हाय ना? पंचवीस वर्षं घाट चढलेल्या ड्रायव्हरला हे बोलणं काय लागतं, ते ज्यानं स्टिअरिंग धरलंय त्यालाच कळेल.

मी चिडलो होतो. उल्हास नदीच्या पुलावर त्यांना अडवून म्हणालो, खरं का सांगितलं नाय? ते पाण्याकडं बघत होते. म्हणाले, "खरं सांगितलं आसतं तर हसले आसते ते तिला. मला हसले. मला हसलेलं चालतंय."

आणि आईसुद्धा हसली. हे मला सगळ्यात जड गेलं. चुलीपुढं बसून ती त्यांना म्हणायची, "येवडी वरीसं गाडी चालवून एक बटण कळंना होय तुमाला? बरं झालं देवीचा दोरा होता, नायतर काय झालं आसतं." आणि आबा भाकरीचा पापुद्रा काढत म्हणायचे, "व्हय, बरं झालं." पुढच्या दसऱ्याला तिनं नवा दोरा आणला तो इंदूनं तिचा हात धरून खालच्या दांड्यालाच बांधायला लावला. तेव्हा इंदू आमच्या घरात आली नव्हती, पण मी तिथंच ठरवलं. आई गेली तोवर तिला कुणी काही सांगितलं नाही. आबा बोलले नाहीत, इंदू बोलली नाही. मी एकदा दारू पिऊन बोलणार होतो तर इंदूनं माझ्याकडं असं बघितलं की उतरली.

मागच्या वर्षी, जायच्या आधी, इंदूच्या काही लक्षात राहत नव्हतं. एक दिवस वालाच्या बिरड्यात तिनं दोनदा मीठ टाकलं, का तीनदा, देव जाणे. मुलगा पहिला घास तोंडात घेऊन थांबला. सून म्हणाली, मीठ कुणी टाकलं हे? इंदू ताटाकडं बघत होती, तिला आठवत नव्हतं आणि आठवत नाही हे मात्र तिला कळत होतं. मी म्हणालो, मीच टाकलं, चव बघायला गेलो होतो. सून वैतागली, तुम्हाला कशाला नसते उद्योग, म्हणाली. मी खाली मान घालून सगळं बिरडं खाल्लं. इंदूनं पाण्याचा तांब्या माझ्याकडं सरकवला. मग कितीतरी वर्षांत पहिल्यांदा तिनं मला अवो सोडून जुन्या नावानं हाक मारली.

"मेस्त्री," ती म्हणाली, "खोटं तुला बी बापासारखंच येत नाय रं."